ड्रायव्हर यायलाय

बुधवार, ३ एप्रिल २००२. सकाळी ६.१०
(पाचला उठायचं ठरलं होतं. उद्यापासून पाच.)
वेबसाइट तयार. नाव 'शुभयोग'. आमच्या अखिल समाजाची वधू-वर नोंदणी आता इंटरनेटवर. अंबाजोगाईत असं काम करणारा पहिला माणूस मी. बीड जिल्ह्यातही बहुधा मीच. खात्री करून घेतली नाही, पण वाटतं.
वधू-वर मेळावा १९ मेला, बसव जयंतीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी साइटचं उद्घाटन. समाज मंडळाचे अध्यक्ष नांदूरघाटचे त्रिंबकअप्पा. त्यांची मुलगी प्रणिता इथे मावशीकडे राहून कॉम्प्युटर सायन्स शिकते. अण्णांनी माझ्यासाठी तिच्याबद्दल शब्द टाकलाय. त्रिंबकअप्पा म्हणाले, मेळाव्यापर्यंत पोराचं काम बघू, मग बोलू. म्हणजे जमलंच. फक्त साइट चालली पाहिजे, आणि साइट चालतेच आहे.
संकल्प: १) रोज व्हिज्युअल बेसिक एक तास. २) चहा दोनच. ३) प्रणिता दुकानाच्या माडीवरच्या माझ्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये आली की उगाच हसायचं नाही.

गुरुवार, ४ एप्रिल. दुपारी
साइट पुण्याच्या होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर चढवली. दोन तास फोन लाइन अडकून होती, खाली दुकानातून अण्णा ओरडत होते. चढली. उघडून पाहिली. वर गणपती दिसला, सनई वाजली, आणि खाली जिथे मुला-मुलींची नावं यायला हवीत तिथे इंग्रजीत एक ओळ: ड्रायव्हर सापडला नाही.
माझ्या कॉम्प्युटरवर सगळं व्यवस्थित दिसतं. म्हणजे चूक पुण्याची. कंपनीला कडक मेल टाकला.

शनिवार, ६ एप्रिल
कंपनीचं उत्तर. सपोर्ट विभागातला कुणी बसवेश्वर. लिहितो की, तुमची माहिती फॉक्सप्रोच्या फाइलीत आहे, ती फाइल वाचण्यासाठी ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम लागतो, तो आमच्या सर्व्हरवर नाही. तुमच्या कॉम्प्युटरवर कोणता आहे त्याचं पूर्ण नाव आणि व्हर्जन कळवा, लगेच बसवून देतो.
नाव आणि व्हर्जन! माझा कॉम्प्युटर लातूरच्या हरिओमनं बसवला. त्यात काय काय टाकलं ते हरिओमला माहीत. हरिओम आता दुबईला.
पण 'माहीत नाही' असं लिहिणं आमच्या रक्तात नाही. आमचं मोंढ्यातलं, म्हणजे धान्यबाजारातलं, किराणा दुकान तीन पिढ्यांचं. अण्णांनी मी पाचवीत असताना गल्ल्यावर बसवून पहिला धडा दिला: गिऱ्हाइकाला न्हाई म्हणू न्हाई. जिन्नस नसला तर 'यायलाय', म्हणजे वाटेत आहे, म्हणावं. आमच्या दुकानात साबुदाणा कधी संपत नाही, तो यायलेला असतो. शेंगदाणा दोन-दोन आठवडे यायलेला असतो. गिऱ्हाईक तुटत नाही.
उत्तर पाठवलं: 'ड्रायव्हर उत्तम दर्जाचा आहे.'

मंगळवार, ९ एप्रिल
बसवेश्वरचा मेल: दर्जा नको, नाव हवं.
मी: 'आमच्याकडे तो गेले वर्षभर विनातक्रार चालतो.'
तो (त्याच दुपारी): तुमच्याकडे चालतो म्हणूनच तर विचारतोय.
उद्धट. पुण्यात राहून माणसं बिघडतात. सगळे मेल प्रिंट करून फाइलला लावले. उद्या कोर्टात लागले तर असावेत.
चहा चार. परिस्थितीच तशी होती.

बुधवार, १० एप्रिल
मंडळाचे लोक साइट बघायला आले. माझ्या कॉम्प्युटरवर दाखवली. पुण्याच्या सर्व्हरशी त्यांना काय करायचंय? गणपती, सनई, मग नमुन्यादाखल टाकलेल्या नावांची यादी. सगळे खूश. ज्येष्ठांनी तिथंच बसून एकसष्ट फॉर्म भरले. एका काकांनी स्वतःचाही भरला. मग नातवाचा आहे म्हणाले, पण जन्मसाल १९३८ लिहिलं होतं.
आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन वर आली. मॉनिटरला कुंकू लावलं. म्हणाली, "संगमेश, पडदा पुसू नको आता मेळाव्यापर्यंत." तिला वाटतं पडद्याचं तोंड पूर्वेकडे केलं तर लवकर काम होईल. टेबल फिरवलं. फोनची वायर पुरेना, म्हणून मॉडेम खिडकीत ठेवला.

शनिवार, १३ एप्रिल. पाडवा
आज धाडस केलं. साइट थेट त्रिंबकअप्पांच्या घरी दाखवायची असं ठरवलं. कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळला, मॉनिटर मांडीवर, आणि बंकटच्या जीपमधून नांदूरघाट. बंकट माझा शाळेतला मित्र. त्यांची मेंढरं होती, आता जीप आहे. वाटेत दोनदा विचारलं, "कावून नेयलास बे हे सगळं? तुझं इंटरनेट तर सगळीकडंच दिसतं म्हणलतास." अडाणी माणसाला काय सांगणार.
त्रिंबकअप्पांनी फार आदरानं बसवलं. मुरमुऱ्यांचा सुशीला आणि ताक. त्यांच्या दिवाणखान्यात कॉम्प्युटर मांडला. साइट पहिल्या झटक्यात उघडली. शंभर टक्के. त्रिंबकअप्पा म्हणाले, "लई झ्याक काम केलंय पोरानं." मी नम्रपणे खाली बघितलं.
प्रणिता घरीच होती, पाडव्याला आलेली. कॉम्प्युटरच्या मागं वाकून तिनं वायरी पाहिल्या. फोनची वायर जोडलेलीच नव्हती. तिनं विचारलं, हे इंटरनेटवरून येतंय की तुमच्याच कॉम्प्युटरमधून? मी म्हटलं, पुढचं तंत्रज्ञान आहे. ती गालात हसली. फार लाजरी मुलगी आहे.
तेवढ्यात पुण्याहून तिच्या मामांचा फोन. त्रिंबकअप्पांनी मोठ्या हौशीनं त्यांना पत्ता सांगितला आणि ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर उघडायला लावली. मामा म्हणाले, गणपती दिसतो, नावं नाहीत, इंग्रजीत काहीतरी आलंय. सगळे माझ्याकडे बघायला लागले.
मी सांगितलं, नावं पुण्याला यायलीत. दोन दिवसांत पोचतील.
त्रिंबकअप्पांनी फोन ठेवला. मग म्हणाले, बरं, मेळावा १९ मेला हाय हे ध्यानात ठेवा.

गुरुवार, १८ एप्रिल
पुण्याच्या सर्व्हरवर साइट पुन्हा चढवली. तिसऱ्यांदा. तीच ओळ.
बसवेश्वरचा मेल: कंट्रोल पॅनेलमध्ये डेटा सोर्सेस उघडा, वर ड्रायव्हर्स असा भाग आहे, तिथे यादी दिसेल, त्यातली फॉक्सप्रोची ओळ जशीच्या तशी उतरवून पाठवा. दोन मिनिटांचं काम.
मला दोन मिनिटांची कामं सांगतो! शिवाय कंट्रोल पॅनेल मी उघडत नाही. हरिओमनं जाताना बजावलं होतं की त्यात बोट घालू नका.
उत्तर: 'आपली सूचना विचाराधीन आहे.' त्याखाली माझ्या दोन्ही डिप्लोमांची नावं टाकली, म्हणजे कुणाशी बोलतोय ते कळेल.

शनिवार, २७ एप्रिल
पाचव्यांदा चढवली. या वेळी पानाचा रंग गुलाबी केला. तीच ओळ, आता गुलाबीवर. बरी दिसते.
व्हिज्युअल बेसिकचं पुस्तक पान ११. (पान ९ वर होतो. प्रगती.)

शुक्रवार, ३ मे
दिवसात आठ तास लाइट नाही. याचा फायदा असा की साइट का चालत नाही हे कुणी विचारलं तर उत्तर तयार असतं. त्रिंबकअप्पांचा फोन आला तेव्हा नेमका लाइट होता, हे दुर्दैव. ते म्हणाले, सोलापूर, उदगीर, हैदराबाद, सगळीकडून फोन येतायत, नावं दिसत न्हाईत म्हणून. मेळाव्याच्या पत्रिकेत साइटचं नाव छापलंय. आता माझी लाज तुमच्या हातात हाय.
लाज हा शब्द त्यांनी वापरला. वर्मी लागलं.
मग विचार केला की हा माणूस लाज माझ्या हातात देतोय, म्हणजे मला घरचाच मानतो. बरं वाटलं.

बुधवार, ८ मे
सातव्यांदा चढवली. बसवेश्वरचा मेल: कृपया नाव कळवा. एवढंच. खाली 'आपला' पण नाही.
अण्णांनी जेवताना विचारलं, तुझ्या त्या यंत्राचं झालं का? म्हटलं, यायलंय. अण्णांनी घास हातात तसाच धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाले, "मला सांगाय्लास व्हय रे? मी शिकिवलंय तुला ते."

शुक्रवार, १० मे. संध्याकाळी ७
ऐतिहासिक दिवस. साइट चालू झाली!
सविस्तर: प्रणिता प्रोजेक्टचे कागद प्रिंट करायला आली. अण्णांना घेऊन बँकेत जायचं होतं, तिला म्हटलं बस तू, मी येतो. प्रिंटरशेजारी माझी मेलची फाइल पडली होती. ती तिनं चाळली असावी, कारण मी जिना उतरत असताना वरून हसण्याचा आवाज आला. फार वेळ येत होता.
दीड तासानं परतलो. ती गेली होती. सहज साइट उघडली, आणि एकसष्टच्या एकसष्ट नावं! पुण्याच्या सर्व्हरवरून! सनईसकट!
माझा निष्कर्ष: सातव्यांदा चढवलेला माल आज पोचला. इंटरनेटवर माल पोचायला वेळ लागतो, हे लोक समजून घेत नाहीत.

शनिवार, ११ मे
पाठवलेल्या मेलमध्ये एक मेल सापडला. माझ्या नावानं, काल दुपारी ३.४० ला. फॉक्सप्रो ड्रायव्हरचं पूर्ण नाव, व्हर्जन सहा, आणि पुढे: 'कळवायला उशीर झाला, माफ करा.'
माफ करा! आमच्या तीन पिढ्यांत कुणी गिऱ्हाइकाची माफी मागितली नाही आणि व्यापाऱ्याची तर नाहीच.
त्याचं उत्तर: 'बसवला. साइट चालू आहे. इतकं सरळ उत्तर आपल्याकडून पहिल्यांदाच आलं. तब्येत बरी आहे ना?'
त्यावर प्रणितानं आज सकाळी येऊन लिहिलं की ती कोण, काय शिकते, आणि विचारलं की हा ड्रायव्हर सर्व्हरवर बसवताना नेमकं काय करावं लागलं. मी रागवणार होतो. पण ती म्हणाली, सर, तुमच्यामागं केवढी कामं आहेत, हा पत्रव्यवहार मी बघते. खरं आहे. तिला तांत्रिक पत्रव्यवहाराची मानद जबाबदारी दिली. संसारात पुढे उपयोगी पडेल.

गुरुवार, १६ मे
सर्व्हरची काळजी घ्यावी लागते. पाच दिवसांत प्रणिता आणि बसवेश्वर यांच्यात बावीस मेल. सगळ्यांचा विषय 'ड्रायव्हर'. मी आतले वाचत नाही, तांत्रिक असतात. आज एक चुकून उघडला गेला. बसवेश्वर विचारतो, तुमचा गुरुमठ कोणता? सोयरिकीच्या फॉर्ममधला तो रकाना नीट चालतो का ते तपासत असावा. कामाचा माणूस आहे, मी उगाच त्याला नावं ठेवली. स्वतः मूळचा उदगीरचा, आपल्यातलाच निघाला. लग्न व्हायचंय.
साइटवर त्याचं नाव नोंदवायला मीच सांगितलं. उदार मन ठेवावं.

रविवार, १९ मे
मेळावा. सूट घातला. मंगल कार्यालयात पत्र्याखाली बेचाळीस डिग्री. घामानं टायचा रंग शर्टावर उतरला.
फोन लाइन जोडली, पडद्यावर साइट उघडली, चारशे लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्रिंबकअप्पांनी माइकवर माझं नाव घेतलं, शाल घातली. पुण्याचे मामासुद्धा हात मिळवून गेले. माझा ऊर भरून आला. आई रडली.
बसवेश्वर खास पुण्याहून आला होता. उंच, चष्मा, मितभाषी. आल्या आल्या त्यानं आधी प्रणिता कुठाय विचारलं आणि नंतर मी कोण ते विचारलं. कंपन्यांत आधी ज्युनिअर स्टाफला भेटायची पद्धत असेल. दोघं दिवसभर कॉम्प्युटरजवळ उभे होते. लक्ष ठेवायला दोन माणसं असली की बरं.
जेवणं झाल्यावर अण्णा त्रिंबकअप्पांशी आमच्या गोष्टीबद्दल बोलले. मी खांबामागून ऐकत होतो. त्रिंबकअप्पा म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय. तिला अजून शिकायचंय. योग आला की बघू."
गुणाचं! योग! मी पेढे आणायला निघालो. बंकट जीपपाशी होता. त्याला सांगितलं. तो विडी विझवून म्हणाला, "आबे, न्हाई म्हणलेत ते तुला."
मी हसलो. बिचाऱ्याला व्यापारी माणसाची भाषा कळत नाही. म्हणाला, "आमच्यात न्हाई असलं की न्हाई म्हणतेत. मेंढरू इकायचं नसलं की इकायचं न्हाई. तुमचं लई अवघड हाय बे."
पेढे आणले. अण्णांनी घेतला नाही. साखर वाढली असेल.

शुक्रवार, २४ मे
प्रणिता इन्स्टिट्यूटमध्ये आली नाही. परीक्षा संपली म्हणून नांदूरघाटला गेली. मेल आता तिकडच्या एसटीडी बूथवरून फोननं होतात असं कळलं. सर्व्हरची निष्ठा असावी तर अशी.
संकल्प: लग्नाआधी वजन चार किलो कमी. सकाळी योगेश्वरीच्या देवळापर्यंत पायी. (उद्यापासून. आज ऊन फार.)

बुधवार, ५ जून. सकाळी ११.२०
त्रिंबकअप्पांचा फोन! शब्द न् शब्द लिहून ठेवतो: "रविवारी नांदूरघाटला या. प्रणिताची सुपारी फोडायची हाय. तुमच्याशिवाय व्हायचं न्हाई, तुमी पाह्यजेतच."
माझ्याशिवाय कसं होईल!
आईला सांगितलं. तिनं देवापुढे साखर ठेवली. संगमेश्वराला अभिषेक बोलली. मी केस कापून आलो, फेशियलही केलं, हे कुणाला सांगायचं नाही. अण्णा चप्पल घालून कोपऱ्यावरच्या बूथवर गेले. दुकानात फोन असताना बूथवर कशाला गेले, कळलं नाही. अर्ध्या तासानं आले. बराच वेळ गल्ल्यावर बसून राहिले, गिऱ्हाइकाकडे लक्ष नव्हतं. एका बाईनं साबुदाणा मागितला तर सरळ म्हणाले, न्हाई. मग जिना चढून वर आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रविवारी जाऊ आपण. सूट मात्र घालू नको."
ऊन आहे, खरं आहे. पांढरा नेहरू शर्ट इस्त्रीला टाकला.

रविवार, ९ जून
बंकटच्या जीपमधून गेलो. आई, अण्णा, मी. अण्णांनी त्या दिवशी बूथवरून नांदूरघाटला फोन करून विचारलं होतं आणि काल आईला सांगितलं होतं, हे मागाहून कळलं. मला सांगायचं धाडस तिघांतल्या एकालाही झालं नाही. बंकटला तर पहिल्यापासून माहीत होतं, तो आज पहिल्यांदाच गप्प बसला.
सतरंजीवर एका बाजूला मुलीकडचे, दुसऱ्या बाजूला मुलाकडचे. त्रिंबकअप्पांनी हाताला धरून मला मधोमध बसवलं. मी पाठ ताठ केली. मग आतून बसवेश्वर आला, फेटा बांधलेला, आणि माझ्या उजवीकडे बसला. त्याच्या मागोमाग उदगीरहून त्याचे आईवडील.
तेव्हा कळलं. एवढ्या लोकांसमोर कळलं. उठता पण येईना, कारण मधली जागा मध्यस्थाची असते आणि मध्यस्थ उठला तर सुपारी फुटत नाही.
फुटली. माझ्याच हातून फोडून घेतली. दोन्ही घरांनी मला आहेर केला. टॉवेल, टोपी, शर्टपीस, नारळ. त्रिंबकअप्पा सगळ्यांना सांगत होते, शुभयोगची ही पहिली जोडी आणि जोडणारा हा आमचा संगमेश. टाळ्या झाल्या. बसवेश्वर कानाशी म्हणाला की, सर, पहिल्याच मेलला नाव कळवलं असतंत तर आमची ओळखच झाली नसती. मनापासून म्हणाला, टोमणा नव्हता. प्रणिता पाया पडली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला वाकून नमस्कार करण्याइतका मी मोठा नाही, सहा वर्षांचंच अंतर आहे.
वाईट वाटतंय. फार वाईट वाटतंय. इथं वाचणारं कुणी नाही, तर लिहायला काय हरकत आहे. ती मला आवडत होती आणि मी तिला तसं एकदाही सांगितलं नव्हतं.
घरी आल्यावर त्रिंबकअप्पांच्या सांगण्यावरून साइटवर 'जुळलेली लग्नं' असं नवं पान केलं. त्यावर दोन नावं टाइप केली आणि पुण्याला चढवली. एकदाच चढवली. लगेच दिसली.
शर्टपीस बिस्किटी रंगाचा आहे. आईनं येताना परस्पर शिंप्याकडे टाकला. तेवीस तारखेच्या लग्नात घालायला होईल, म्हणाली.